लायब्ररीत बसून लायब्ररी शोधताना

संध्याकाळी सव्वासहाला काकांचा फोन आला. "अरे, तुझं ते यंत्र उघडतच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि बंद."

"काय येतं ते वाचता का, काका?"

त्यांनी चष्मा लावल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी शपथेवर सांगेन. "कॅनॉट लोड सच फाइल... मग दोन आडव्या रेघा... सी, एस, व्ही. पुढे कंसात लोडएरर."

"हां. म्हणजे त्याला एक लायब्ररी सापडत नाहीये."

पलीकडे क्षणभर शांतता. "लायब्ररीतच तर बसलोय मी. रांग लागलीये इथे. दिवाळी अंक परत घेऊ की नको ते सांग."

मी म्हणत होतो ती लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा, आधीच लिहून ठेवलेला कोडचा सुटा भाग. रजिस्टर काढा म्हटलं. बांधणीचं लाल पाठीचं रजिस्टर कपाटात असतंच. काकांनी ते कधी हलवू दिलं नाही, आणि त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

हे दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाचं प्रकरण. बडोद्यात वाचनालय चालवणं ही तशी घरचीच गोष्ट. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून अख्ख्या संस्थानात ग्रंथालयं उभी करायला घेतली, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाला पुस्तकांचं कपाट दिसलं की त्याची यादी करावीशी वाटते. आमचं वाचनालय त्या मानाने अगदीच लहान. दोन खोल्या, संध्याकाळी पाच ते आठ. २०२० च्या टाळेबंदीत, कारखान्याचं काम घरून चालू असताना, मी त्याच्यासाठी देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला. रूबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला, कारण रूबी मला आवडते. याहून भारदस्त कारण नाही.

मूळ प्रोग्रॅम फक्त सभासद, पुस्तक आणि तारीख एवढंच बघतो. बाकी सगळं प्लगइनवर. प्लगइन म्हणजे एका फोल्डरमध्ये टाकलेल्या सुट्या रूबी फाइली. प्रोग्रॅम सुरू झाला की तो फोल्डर वाचतो, एकेक फाइल लोड करतो आणि प्रत्येक फाइल मेनूत आपापली ओळ घालते: मासिक अहवाल, दिवाळी अंकांचा उशीर-दंड, बारकोड लेबल, फोनवर यादी. लेबलचं प्लगइन माझ्या भाच्याने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना लिहिलं. उत्साहात लिहिलं, आणि ते दिसतं.

जुन्या कंप्युटरची डिस्क डिसेंबरात खडखडायला लागली. देणगीतून नवा आला. उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, मी त्यावर सगळं हलवलं. नवं यंत्र, तर रूबीही नवी घेऊ म्हणून ३.४ घातली. नाताळच्या दिवशी आलेली, अजून वाफाळती. जुन्यावर २.७ होती आणि तिची देखभाल २०२३ च्या मार्चमध्येच संपली होती, म्हणजे मी काही हौस म्हणून बदलत नव्हतो. पण २.७ वरून थेट ३.४ वर उडी मारली, मधल्या पायऱ्यांवर पाय ठेवला नाही. ते कसं नडलं ते पुढे येतंच.

हलवताना एक पाप केलं, तेही सांगून टाकतो. रूबीत लायब्ररीच्या गठ्ठ्याला जेम म्हणतात. जेमफाइल म्हणजे कुठकुठल्या लायब्ऱ्या लागतात त्याची यादी, आणि बंडलर नावाचं साधन ती वाचून एकेक आणून बसवतं. माहिती साठवणारं एसक्यूलाइट निमूट बसलं. आरमॅजिकवर मात्र अडलं: 'फेल्ड टू बिल्ड जेम नेटिव्ह एक्स्टेंशन'. भाच्याच्या लेबलांना लागणारी चित्रांची लायब्ररी ती. रात्रीचे अकरा वाजले होते. मी त्या ओळीच्या आधी एक हॅश टाकला (म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही), 'नंतर बघू' असं शेजारी लिहिलं आणि पुढे गेलो. बंडलरने हिरवं अक्षर दाखवलं. मी झोपलो. प्रोग्रॅम एकदा उघडून बघावा हे सुचलं नाही.

तर फोन ठेवून मी स्कूटर काढली. सूरसागराच्या काठाने जाताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: सीएसव्ही कशी सापडत नाही? तक्त्यांच्या फाइली वाचणारी-लिहिणारी ती लायब्ररी तर रूबीच्या पोटातली. आरमॅजिक म्हणाला असता तर मी गुपचूप मान खाली घातली असती.

पोचल्यावर आयआरबी, म्हणजे रूबीशी एकेक ओळ बोलायची खिडकी, उघडून सीएसव्ही मागवली. 'ट्रू' म्हणाली. जेमची यादी काढली, तिथेही नाव आहे. आणि प्रोग्रॅम चालवला की नाही म्हणते. एकाच घरात एकाला दिसते, दुसऱ्याला नाही. दहा मिनिटं मी पाथ, म्हणजे रूबी लायब्ऱ्या जिथे शोधते त्या जागा, तपासत बसलो. मग पडदा वर सरकवला, आणि एररच्या वर, मी न वाचलेला, रूबीचा स्वतःचा इशारा होता: सीएसव्ही पूर्वी स्टँडर्ड लायब्ररीतून यायची, ३.४ पासून ती डिफॉल्ट जेम राहिलेली नाही, जेमफाइलमध्ये घाला. उपायासकट. काकांनी शेवटची ओळ वाचली हे ठीक. मीही शेवटचीच वाचली होती.

भानगड अशी आहे. रूबीबरोबर येणाऱ्या लायब्ऱ्यांत दोन जाती आहेत. डिफॉल्ट जेम म्हणजे घरची माणसं, त्यांना कुणी दारात अडवत नाही. बंडल्ड जेम रूबीबरोबर यंत्रावर येतात खऱ्या, पण बंडलर वापरत असाल तर त्यांचं नाव जेमफाइलमध्ये असावं लागतं. नसेल तर बंडलर त्यांना पाथवर येऊच देत नाही. ३.४ मध्ये सीएसव्ही, बेस६४, बिगडेसिमल, ऑब्झर्व्हर अशा बऱ्याच जणांची घरच्यांतून बदली होऊन ते पाहुणे झाले. साध्या आयआरबीत बंडलर नसतो, म्हणून तिथे 'ट्रू'. बंडलरमार्फत आयआरबी उघडली तेव्हा तिथेही तोच लोडएरर आला आणि माझा जीव भांड्यात पडला. दोन्हीकडे सारखं तुटतंय म्हटल्यावर कारण एकच असणार. ३.३ मध्ये याचा इशारा आधीच यायचा, पुढच्या आवृत्तीत असं होणार आहे म्हणून. मी ३.३ बघितलीच नव्हती.

सीएसव्ही आणि लेबलांना लागणारी बेस६४ अशी दोन नावं जेमफाइलमध्ये घातली, अहवाल लोड झाला. पुढचं प्लगइन पडलं, आणि त्याच्याबरोबर पुन्हा सगळा प्रोग्रॅम.

इथे माझा तोरा उतरला. कारण प्रत्येक प्लगइन लोड करताना मी रेस्क्यू, म्हणजे एरर झेलणारं जाळं, लावलं होतं. २०२० मध्येच. एखादं प्लगइन बिघडलं तर नोंद करून पुढे जायचं, मूळ देवघेव थांबता कामा नये, असा माझाच नियम होता, आणि भाच्याला मी तो दोनदा ऐकवलाही होता. मग पडतंय कसं?

रूबीतल्या एररचं एक कुळ आहे. मूळ पुरुष एक्सेप्शन. त्याच्या मुलांत एक स्टँडर्डएरर, एक स्क्रिप्टएरर. शून्याने भागलं, नसलेली मेथड (नाव दिलेलं एखादं काम) बोलावली, फाइल उघडली नाही, ही सगळी स्टँडर्डएररची पिल्लावळ. लोडएरर मात्र स्क्रिप्टएररचा मुलगा, म्हणजे स्टँडर्डएरर त्याचा चुलता. आणि रेस्क्यूला काही नाव न देता नुसतं लिहिलं, तर ते फक्त स्टँडर्डएररच्या घरच्यांना झेलतं. चुलत घरातला समोरून निघून जातो, तो सरळ वरच्या मजल्यावर. पाच वर्षं माझं जाळं बांधलेलं होतं आणि ज्या माशासाठी ते बांधलं तोच त्याच्या बाहेरचा होता. मी तपासलं कसं होतं? प्लगइनमध्ये मुद्दाम शून्याने भागून. ते अर्थातच झेललं गेलं. प्लगइन लोड होताना सगळ्यात जास्त वेळा काय घडणार, तर लायब्ररी नसणार. नेमकं तेवढंच तपासलं नव्हतं.

घाईत मी पहिल्यांदा जे केलं ते करू नका. 'एक्सेप्शन'च झेलला, म्हणजे अख्खं कुळ. लोडएरर थांबला, छान. पण लेबलवाल्या फाइलीची बेस६४ आता मिळत होती आणि ती पुढे जाऊन प्रिंटर शोधत उभी राहिली. प्रिंटर बंद. मी कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्रॅमने शांतपणे लिहिलं, 'लेबल प्लगइन बिघडलं', आणि पुढची फाइल उघडायला घेतली. कंट्रोल-सी म्हणजे इंटरप्ट, तोही एक्सेप्शनच्याच वंशातला. मी थांब म्हणतोय आणि ते ऐकून घेऊन, वहीत टिपून, पुढे चाललंय. काकांनी माझ्या खांद्यावरून बघून विचारलं, "हे आता थांबत का नाही?"

शेवटी दोघांनाच झेलायचं ठरवलं: स्टँडर्डएरर आणि स्क्रिप्टएरर. लोडएररबरोबर सिंटॅक्सएररही (व्याकरणाची चूक) यात येतो, म्हणजे कुणी प्लगइनमध्ये एक 'एंड' विसरलं तरी काउंटर चालू राहील. वाचनालयाचा प्रोग्रॅम उघडला. देवघेव सुरू झाली. रांगेतल्या एका आजींनी "झालं का रे?" विचारलं आणि मी "झालं" म्हणालो.

झालं नव्हतं. मेनूत चौथ्या क्रमांकावर 'बारकोड लेबल' दिसत होतं. मघाच्या नोंदीत तर ते बिघडलंय म्हणून लिहिलेलं. काकांनी चार दाबलं आणि 'अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट', म्हणजे हे नाव मला माहीतच नाही.

रूबी फाइल वरून खाली वाचत जाते, आणि मधे कुठे पडली तर वरचं झालेलं पुसत नाही. भाच्याने पहिल्याच ओळीत मेनूत नाव नोंदवलं होतं आणि लायब्ऱ्या मागवल्या होत्या पंधरा-वीस ओळी खाली. नाव नोंदलं गेलं, मग आपटलं. अर्धवट लग्न. पत्रिका वाटल्या, नवरदेव नाही. पूर्वी प्रोग्रॅमच पडायचा, त्यामुळे ही अर्धवट अवस्था कधी दिसलीच नव्हती. लोडएरर झेलायला लागल्यावर ती उघडी पडली.

"लायब्ऱ्या वर, नाव खाली" असा नियम भाच्याला सांगता आला असता. पण नियम पाळण्यावर विसंबून राहायचं असतं तर रेस्क्यूही नको होतं. म्हणून प्लगइन लोड करणारा भाग, लोडरच बदलला. प्लगइन नाव नोंदवतं ते आता थेट मेनूत जात नाही, एका तात्पुरत्या यादीत जातं. फाइल शेवटपर्यंत सुखरूप वाचली गेली तर यादी मेनूत ओततो, नाहीतर टाकून देतो. अर्धवट तयार झालेले क्लास स्मृतीत तसेच राहतात, पण त्यांना कुणी हाक मारत नाही, तर राहोत.

भाचा रात्री आला, सेव-उसळीचं पार्सल घेऊन. त्याला आरमॅजिकचं सांगितलं. "मामा, त्यात काय, इमेजमॅजिक टाकलं की झालं." ते टाकलेलं होतंच. चित्रं उघडण्याचं इमेजमॅजिक वेगळं आणि त्याच्यावर दुसरं काही बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. उबुंटू लिनक्सवर त्या लिबमॅजिकवँड-डेव्ह नावाच्या पॅकेजात असतात. शेवटी 'डेव्ह' असलेलं ते पॅकेज नसेल तर सी भाषेतला भाग बांधला जात नाही, आणि जेम बसत नाही. हे आमच्या दोघांच्याही लक्षात येईपर्यंत उसळ गार झाली होती.

पण मग मी त्याला विचारलं, की एवढं जड प्रकरण हवंय कशाला? काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा तर काढायच्यात. बारकोडसाठी तो बार्बी नावाचा जेम वापरतो (नाव ऐकून काकांनी दोनदा खात्री करून घेतली). बार्बी स्वतः फक्त रेघांचा हिशोब करते. चित्र काढायला निरनिराळे आउटपुटर असतात आणि त्यातला एक आरमॅजिकवर चालतो, दुसरा चंकीपीएनजीवर. चंकीपीएनजी निव्वळ रूबीत लिहिलेलं आहे, सी नाही, हेडर नाहीत, इमेजमॅजिक नाही. मेथडचं नावही तेच. भाच्याने एक ओळ बदलली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

लोडएरर. चंकी_पीएनजी सापडत नाही.

आता हसू आलं. बार्बी बसवली तरी ती चंकीपीएनजी बरोबर आणत नाही, कारण कोण कुठला आउटपुटर वापरेल हे तिला माहीत नसतं. ज्याला जो हवा त्याने तो जेम आपला आणायचा. रास्त आहे. पण यामुळे दुसरी एक गोष्ट दिसली. एररच्या माळेत भाच्याच्या फाइलीच्या वर बार्बीची फाइल होती. म्हणजे 'कुठल्या फाइलीत चुकलं' हे एररवरून ठरवलं तर दोष भलत्याच्या माथी. म्हणून नोंदीत प्लगइनचं नाव लोडरने स्वतःचं लावायचं, आपण या घडीला कुठली फाइल वाचतोय ते त्याला माहीतच असतं, आणि एररकडून फक्त काय नाही तेवढं घ्यायचं. लोडएररला 'पाथ' विचारता येतो. तो सापडली नाही त्या लायब्ररीचं नाव देतो, वाक्य फोडत बसावं लागत नाही.

पाथवरही डोळे झाकून भरवसा नको. मागवायचं नाव आणि जेमचं नाव एकच असेल असं नाही. ॲक्टिव्हसपोर्ट हा जेम जोडून लिहितात, पण मागवताना मधे अधोरेघ येते. बार्बीतली एखादी आतली फाइल नसेल तर पाथमध्ये तिरक्या रेघांसकट पूर्ण पत्ता येतो. आणि जेम आहे, पण त्याला खालून लागणारी सिस्टिमची फाइल गायब आहे, अशा वेळी पाथ रिकामाच येतो आणि सगळी माहिती संदेशात असते. म्हणून मी लोडरमध्ये हाताने एक चिमुकला तक्ता ठेवलाय, या नावाला हा जेम. तक्त्यात नसेल तर मूळ संदेश जसाच्या तसा दाखवतो. अंदाज बांधून चुकीचा जेम सुचवण्यापेक्षा ते बरं.

भाच्याचं म्हणणं, "मामा, नाव कळलंच आहे तर प्रोग्रॅमनेच का बसवू नये? बंडलरची इनलाइन सोय आहे, फाइलीतच जेमचं नाव लिहायचं, तो आणतो." आहे सोय. एकट्याच्या स्क्रिप्टला मीही वापरतो. वाचनालयात नको. तिथे इंटरनेट काकांच्या फोनवरून येतं आणि काकांबरोबर घरी जातं. शिवाय नाव चुकून दुसरंच काहीतरी यंत्रात यायला नको. जेम जिथून येतात त्या रूबीजेम्सवर २०२० मध्ये ७०० हून जास्त बनावट जेम सापडले होते, खऱ्या नावांत अधोरेघ किंवा आडवी रेघ इकडची तिकडे करून ठेवलेले. सभासदांचे फोन नंबर असलेल्या यंत्रावर कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने बाजारहाट करायला जाता कामा नये. भाचा "ठीक" म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरून पटलं नव्हतं.

त्याची दुसरी सूचना होती लायब्ररी वर मागवायचीच नाही, मेथडच्या आत, लागेल तेव्हा मागवायची. मग लोड करताना काही पडतच नाही. खरंय, पडत नाही. पडतं महिनाअखेरीला, अहवाल मागितल्यावर, मी कारखान्यात असताना. सुरुवातीलाच कळलेलं मला चालेल.

उरलं ते फोनवर यादी दाखवणारं. ते वेबरिक नावाचा छोटा वेब सर्व्हर वापरतं. वेबरिक ३.० पासून रूबीबरोबर येतच नाही, पाहुणी म्हणूनसुद्धा नाही. तो जेम आणून बसवला की चालेल, पाच मिनिटांचं काम. पण त्या रात्री इंटरनेट घरी गेलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो एका वाक्यावर. आधी नोंद अशी यायची: लोडएरर, फाइल, ओळ क्रमांक. ते मला कळतं. काउंटरवर मी नसतो. आता प्रोग्रॅम उघडताना वर पिवळ्या पट्टीत येतं: 'फोनवर यादी ही सोय आज बंद आहे. वेबरिक नावाची लायब्ररी यंत्रात नाही. पुस्तकांची देवघेव चालू आहे.' शेवटचं वाक्य काकांनी घालायला लावलं. आणि 'लायब्ररी' शब्दाला त्यांची हरकत होती. "इथे कुणी वाचलं तर काय समजेल? वाचनालयात लायब्ररी नाही म्हणून?" मग 'वेबरिक नावाचा सुटा भाग' असं केलं.

उत्तरायणानंतर मी गेलो तर पट्टी तशीच होती. बसवून देतो म्हटलं. काकांनी रजिस्टरचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे त्यांच्या ठसठशीत अक्षरात तारखा टाकून लिहिलं होतं: 'पिवळी पट्टी, वेबरिक. कोणीही विचारले नाही.' खाली दुसऱ्या दिवसाची तीच नोंद. त्याखाली तिसऱ्या दिवसाची.

"राहू दे मग," मी म्हणालो.

"लेबलं मात्र छान निघतायत," काका म्हणाले, आणि परत आलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.